तंबू आणि कोपी

मनुष्य आयुष्यभर राबून घर बांधतो आणि मग अधूनमधून तेच घर सोडून उघड्यावर झोपायला जातो. या विसंगतीत विचार करण्यासारखे काही असेल, असे आम्हांला पूर्वी कधी वाटले नव्हते.

2025 हे वर्ष ख्रिस्तसभेने ज्युबिली वर्ष म्हणून पाळले. श्रद्धावंतांनी आशेचे यात्रेकरू व्हावे, असे आवाहन पोप फ्रान्सिस यांनी केले होते. रोमची यात्रा आमच्या ऐपतीबाहेरची. तेव्हा शेवगाव परिसरातील आम्हां चार कॅथलिक कुटुंबांनी एक बेत आखला. वर्षभरात जशी सवड मिळेल तसे आपल्याच मुलखात हिंडावे, लॉजमध्ये न उतरता तंबूत राहावे आणि परमेश्वराने निर्माण केलेली ही भूमी जवळून पाहावी. आमच्यांत दोन शिक्षक, एक परिचारिका, एक बँकेतील कारकून आणि त्यांची मुलेबाळे. दोन तंबू विकत घेतले, तिसरा एका स्नेह्याकडून मागून आणला.

आमच्यांपैकी एका घरी ऐंशी ओलांडलेल्या आजी आहेत. अंगणात तंबू उभारून पाहण्याचा आमचा खटाटोप त्या उंबऱ्यावर बसून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उघड्यावरून छपराखाली यायला आमच्या दोन पिढ्या झिजल्या. अन् तुम्ही पैसं मोजून उघड्यावर चाललात व्हय?" आम्ही सारे मोठ्याने हसलो. आजी हसल्या नाहीत. हा लेख म्हणजे त्या हसण्याचा वर्षभराने दिलेला जबाब आहे.

आम्ही पाहायला निघालो होतो ती भूमी अग्नीतून जन्मली आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो शंकूसारख्या एखाद्या डोंगरातून उसळला नाही. भेगांतून पसरत गेला, थंड झाला, पुन्हा त्यावर दुसरा थर आला. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापला आहे आणि सह्याद्रीत त्याच्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. आपल्या शेवगावची काळी जमीन ही त्याच पाषाणाची झीज. म्हणजे ज्वालामुखी पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. आपण त्याच्यावरच ज्वारी पेरीत आलो आहोत.

जानेवारीत आम्ही पारनेर तालुक्यातील निघोजला गेलो. तेथे कुकडी नदीने आपल्या पात्रातील कठीण पाषाणात रांजणासारखे खोल खळगे कोरले आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी गरगर फिरतात आणि खडक घासून काढतात, असे आमच्यांतील शिक्षकांनी मुलांना समजावून सांगितले. मुले थक्क झाली. रात्री तंबूबाहेर बसून आम्ही निर्मितीच्या थोरवीविषयी बोललो, रोझरीची प्रार्थना केली आणि समाधानाने झोपलो.

घरी परतल्यावर आजींना फोटो दाखविले. त्यांनी फोटोतला खडक पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "लई कठीण असतो हा. हात फुटत्यात." 1972च्या दुष्काळात त्या सरकारी कामावर खडी फोडायला जात होत्या. माथ्यावर ऊन, मांडीवर तान्हे मूल, समोर ढीग. मिळणाऱ्या सुकडीवर घर चाले. आम्हांला हे ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या घराघरांतून ही कथा सांगितली जाते. पण ज्या दगडापुढे आम्ही देवाची स्तुती केली, तोच दगड आजींनी घणाखाली पाहिला होता, हे त्या दिवशी प्रथमच एका जागी आले.

फेब्रुवारीत आम्ही नाथसागराच्या काठी गेलो. तो तर घरचाच. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले, 1976मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले आणि आपल्या तालुक्यातील कित्येक गावे पाण्याखाली गेली. आमच्या एका कुटुंबाचे मूळ गाव तेथेच आहे. 'आहे' म्हणावे की 'होते', हा प्रश्न त्या घरातील वडीलधाऱ्यांना अजूनही पडतो. त्यांनी संध्याकाळी पाण्याकडे हात करून दाखविले: तिथे वेस होती, तिथे विहीर, आणि वेशीच्या बाहेर, त्या तिकडे, आपली घरे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. पाणी वाढले की निमूटपणे मागे सरतात. आम्ही काठावर तंबू ठोकला होता. सकाळी तो गुंडाळताना वडीलधारे म्हणाले, "आम्ही बी असंच गुंडाळलं होतं. फक्त परत उभारायची जागा ठाऊक नव्हती."

मे महिन्याच्या सुटीत आम्ही समुद्र पाहायला रायगड जिल्ह्यातील कोर्लईला गेलो. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी डोंगराची एक सोंड समुद्रात शिरली आहे. तिच्यावर किल्ला, आणि डोंगराच्या पायथ्याशी कोळी व कॅथलिक कुटुंबांचे गाव. तिथला खडकही आपलाच, काळा. आपल्या रानात तो ऊन खातो, तेथे भरती-ओहोटी. चौलच्या या किनाऱ्याचे आपल्या जिल्ह्याशी जुने नाते आहे. 1521 साली पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली ती अहमदनगरच्या निजामशहाने. पुढे निजामशाही गेली आणि 1740च्या सुमारास हा किनारा मराठ्यांच्या हाती येऊन पोर्तुगीजही गेले. किल्ल्यात आज तटबंदी आहे, पडके चर्च आहे आणि वारा आहे. परंतु पायथ्याच्या गावात कॅथलिक कुटुंबे घरी जी बोली बोलतात तिच्यात अजून पोर्तुगीज शब्द नांदतात. त्या बोलीला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. ज्यांनी जाड भिंती बांधल्या ते निघून गेले. जे भिंतींच्या बाहेर राहिले ते टिकले. एका कुटुंबाने आम्हांला आपल्या नारळाच्या वाडीत तंबू लावू दिला आणि रात्री माशांचे कालवण पाठविले. त्या बोलीतले जेवणापूर्वीचे मागणे आम्हांला कळले नाही. आमेन मात्र कळले.

मृगाच्या आधी आम्ही भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो. झाडेच्या झाडे लुकलुकत होती. पण धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा, गाण्यांचा गोंगाट आणि गाड्यांच्या दिव्यांचे झोत. काजव्याचा प्रकाश म्हणजे त्याने जोडीदाराला केलेली खूण असते. आपल्या झोतात ती खूण हरवते. आमच्याही गाडीचे दिवे बराच वेळ चालू होते, हे एका मुलीने लक्षात आणून दिले तेव्हा आम्ही ते बंद केले. ज्या निर्मितीची स्तुती करायला आपण जातो तिला आपले जाणेच जाचक होऊ शकते, हा धडा आम्हांला एका बारा वर्षांच्या मुलीने दिला.

पावसाळा संपल्यावर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईला मुक्काम झाला. कोकणकड्यावर उभे राहून पाषाणाचे थर एकाखाली एक पाहिले. आणि डिसेंबरमध्ये, आगमनकाळात, वर्षातली शेवटची सफर रतनवाडीला. रतनगडाच्या या परिसरातच प्रवरा उगम पावते. थोड्याच अंतरावर 1926 साली बांधून झालेले भंडारदऱ्याचे धरण तिला अडविते. मग ती अकोले, संगमनेर करीत खाली उतरते, कालव्यांतून उसाला मिळते, आणि उरलेले पाणी नेवाशाजवळ गोदावरीला भेटून आमच्या नाथसागरात येते. उगमाचे पाणी ओंजळीत घेऊन मुलांनी एकमेकांवर शिंपडले. आम्हांला वाटले, वर्ष छान संपले.

ते तेथे संपायचे नव्हते. परतीच्या वाटेवर, उसाच्या पट्ट्यात, अंधार पडता पडता गाडी बंद पडली. मेकॅनिक सकाळशिवाय येणार नव्हता. कालव्याच्या कडेला एका मोकळ्या जागेत ऊसतोड कामगारांची वस्ती होती. बांबूच्या कमानी वाकवून, त्यांवर पाचट आणि ताडपत्री टाकून केलेल्या पंधरा-वीस कोप्या. सोबत असावी म्हणून आम्ही त्यांच्या शेजारीच आमचे तंबू उभारले. निळे, नारिंगी, कडांना चकाकणारी पट्टी असलेले.

एका कोपीतून एक वयस्क बाई बाहेर आल्या. कंबरेवर नातू, मागे पदराला धरून एक नात. आमच्या तंबूंभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि विचारले, "काय वो, घर पडलं का काय तुमचं?"

आम्ही म्हणालो, "नाही मावशी. हौस म्हणून राहतो असे."

"हौस?" त्यांनी तो शब्द उलटसुलट करून पाहिल्यासारखा उच्चारला. मग गाव विचारले. शेवगाव म्हणताच त्यांचा चेहरा खुलला. त्याही शेवगाव तालुक्यातल्याच, बोधेगावच्या पुढच्या एका वाडीवरच्या. "आमचं बी घर हाय तिकडं," त्या म्हणाल्या. "पर त्याला कुलूप हाय." आणि आत जाऊन त्यांनी आमच्या मुलांसाठी चार भाकरी आणि ठेचा आणून दिला.

रात्री आम्हांला झोप आली नाही. पहाटे तीनच्या सुमारास वस्ती उठली. कोयते घेऊन जोडपी उसाच्या फडाकडे निघाली. नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरला जातो, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, टोळीने निघायचे, आणि घेतलेली रक्कम फिटेपर्यंत उसाच्या टनांत ती मोजत राहायची. उजाडले तेव्हा वस्तीत लहान मुले आणि मावशी एवढेच उरले होते. पदराला धरून असलेली नात पाचवीत होती; दिवाळीनंतर तिने शाळा पाहिली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्यांना घर आहे त्यांनी हौसेखातर बेघरपण अनुभवणे, ही ज्यांना ते नशिबी आले आहे त्यांची चेष्टा आहे काय?

याचे सोपे उत्तर दोन प्रकारे देता येते. एक असे, की आमच्या तंबूने कुणाचे काही बिघडत नाही. आनंद हेही देवाचे दान आहे. दुसरे असे, की जगात दुःख असताना सहली काढणेच पाप. आम्हांला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. पहिल्यात शेजारी नाही, दुसऱ्यात कृतज्ञता नाही.

आमच्या तंबूत आणि मावशींच्या कोपीत नेमका फरक कोणता, हे आधी पाहिले पाहिजे. कापडाचा आणि पाचटाचा फरक वरवरचा. थंडी दोघांनाही लागली, जमीन दोघांच्याही पाठीला टोचली. कुलूप आमच्याही घराला होते. पण आमच्या कुलपाची किल्ली आमच्या खिशात होती, त्यांची उचलीत अडकली होती. आम्ही कंटाळलो असतो तर निघालो असतो. गरिबी म्हणजे केवळ वस्तूंचा अभाव असे आपण समजतो. त्या रात्री कळले की परत फिरण्याचे स्वातंत्र्य नसणे हा तिचा गाभा आहे. म्हणून उघड्यावर चार रात्री काढून आपल्याला गरिबांचे जिणे कळले, असे कोणी म्हणेल तर तो स्वतःला फसवीत असतो. आम्ही वर्षभर थोडेसे तसेच फसलो होतो.

मग तंबूत राहण्याला काही अर्थच नाही काय? येथे पवित्र शास्त्राने आम्हांला वाट दाखविली. इस्राएली लोकांना परमेश्वराने मंडपांचा सण पाळायला सांगितला होता. वचनदत्त देशात पक्की घरे बांधून झाल्यावरही दरवर्षी सात दिवस घर सोडून फांद्यांच्या मांडवात राहायचे. म्हणजे हौसेचे नसले तरी स्वेच्छेचे बेघरपण देवालाही मान्य होते. परंतु त्याला दोन अटी होत्या. लेवीय पुस्तकात कारण दिले आहे ते स्मरणाचे: मिसर देशातून निघालेले तुमचे पूर्वज असे राहत होते, हे तुमच्या मुलाबाळांना कळावे. आणि अनुवाद पुस्तकात त्या सणाच्या पंक्तीला कोण असावे हेही सांगितले आहे: घरचे दास, परके, पोरके आणि विधवा. स्मरण आणि शेजार, या दोन दोऱ्यांनी तो मांडव ताणलेला आहे. त्यांतील एक सुटली तरी उरते ती केवळ सहल.

आमच्या तंबूला या दोन्ही दोऱ्या नव्हत्या. स्मरण नव्हते, कारण आजींच्या बोलण्यावर आम्ही हसलो. वास्तविक आमच्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. ज्या पाषाणावर ते राबले तो नेहमी दुसऱ्याच्या मालकीचा होता. एका पिढीने खडी फोडली, दुसरीने मिशनच्या शाळेत अक्षरे गिरविली, तेव्हा तिसऱ्या पिढीला दर उन्हाळ्यात चार दिवस मोकळे आकाश 'सुंदर' दिसू लागले. त्या सौंदर्याची किंमत कुणीतरी आधीच मोजली होती. आणि शेजारही नव्हता, कारण आमच्याच तालुक्यातून दरवर्षी किती घरांना कुलूप लागते हे आम्हांला ठाऊक असूनही, त्यांची कोपी पाहायला आमची गाडी बंद पडावी लागली.

ज्युबिलीची मूळ कल्पना तरी काय? लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात ती आहे. पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ धन्याला परत मिळावी, ऋणापायी दास झालेला मनुष्य आपल्या घरी परतावा. कारण भूमी परमेश्वराची आहे आणि आपण सारे तिच्यावरचे पाहुणे. आम्ही ज्युबिलीचे यात्रेकरू होऊन निघालो होतो. ज्युबिली ज्यांच्यासाठी सांगितली ते, ऋणाने घराबाहेर अडकलेले लोक, आम्हांला शेवटच्या रात्री भेटले, तेही अपघाताने. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात भूमीची हाक आणि गरिबांची हाक एकत्रच ऐकावी लागते, असे प्रतिपादन केले होते. आम्ही वर्षभर भूमीची ऐकली. दुसरी तिच्या शेजारीच उभी होती.

घरी आलो तेव्हा नाताळ जवळ आला होता. दरवर्षीप्रमाणे चर्चमध्ये गव्हाणी उभारायची होती. तरुण मंडळींनी बांबू वाकविले आणि वर टाकायला कुठूनतरी पाचट आणले. अर्धे काम झाले तेव्हा आम्ही सारे एकदम थांबलो. ती हुबेहूब कोपी होती. इतकी वर्षे आपण चर्चमध्ये कोपीच बांधीत आलो होतो, तिच्यापुढे गुडघे टेकीत होतो, आणि तिला ओळखत नव्हतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी, देहधारी झालेल्या शब्दाने आपल्यांत वस्ती केली हे सांगताना, मूळ ग्रीकमध्ये तंबू ठोकण्याचे क्रियापद आले आहे, असे धर्मगुरूंनी नाताळच्या प्रवचनात सांगितले. प्रभूचा तंबूही स्वेच्छेचाच होता. परतीची वाट त्यालाही मोकळी होती. पण तो फोटो काढून माघारी गेला नाही. शेवटपर्यंत त्याच वस्तीत राहिला. हौस आणि प्रेम यांतला फरक याहून स्पष्ट कोण सांगणार?

आम्ही प्रभू नव्हे. आमच्याने फार थोडे होते. तंबू आम्ही टाकून दिलेले नाहीत. मुलांना डोंगर आणि समुद्र दाखवायचाच आहे. फक्त आता निघण्यापूर्वी आजींजवळ बसून त्यांची एखादी गोष्ट ऐकायची, असा नियम केला आहे. आणि हंगाम संपून टोळ्या परतल्यावर मावशींच्या वाडीवर जाऊन आलो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने 2021मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली आहे. आमच्यांतील शिक्षकांनी तिची माहिती काढून दिली. पुढच्या हंगामात नात मागे राहून शिकेल की पुन्हा कोपीत जाईल, हे अजून ठरलेले नाही. तिची आई म्हणते, पोरगी गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार? या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नाही. ते शोधण्यासाठी पुन्हा जावे लागेल, एवढे मात्र कळते.

मध्यंतरी शेवगावच्या आठवडे बाजारात मावशी भेटल्या. भाजीच्या पाटीआडून त्यांनीच आधी ओळखले आणि डोळे मिचकावून विचारले, "काय, घर नीट केलं का?"

आम्ही म्हणालो, "अजून नाही, मावशी. काम चालू आहे."